शहराच्या मध्यभागीं कोणास जागा ?

कोणत्याहि नगराची योग्यता त्याच्या वेशीवरील कमानीवरून ठरवूं नये. त्याच्या मध्यभागीं कोणास उभें राहतां येतें हें पाहून ती ठरवावी. वेशीबाहेर जागा देण्यास फारसें औदार्य लागत नाहीं. तेथें जमीनहि स्वस्त असते व तेथें धाडलेला मनुष्यहि दृष्टीआड होतो. परंतु जेथें देवालय आहे, बाजार आहे, शाळा व कचेऱ्या आहेत, जेथें जागेच्या हाताहातास सोन्याचा भाव आहे, तेथें गरिबाचें दुकान व भाडेकऱ्याचें बिऱ्हाड टिकूं द्यावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न उभा राहिला म्हणजे शहराच्या न्यायबुद्धीची खरी परीक्षा होते. करवीर नगरीवर सांप्रत असा परीक्षेचा प्रसंग आलेला आहे, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दिनांक ६ मे २०२५ रोजीं अहिल्यादेवींच्या जन्मगांवीं, चौंडी येथें, राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक भरली. तींत श्रीअंबाबाई ऊर्फ महालक्ष्मीच्या देवालयाच्या परिसरासाठीं सुमारें १,४४५ कोटि रुपयांचा आराखडा मंजूर झाला. योगायोग असा कीं, १९२२ सालीं ह्याच तारखेस राजर्षि शाहू छत्रपति निवर्तले होते. शहराच्या मध्यभागीं चाललेली घडामोड एवढ्या एकाच आराखड्यापुरती नाहीं. जुने वाडे पडून त्यांच्या जागीं व्यापारी संकुलें उभीं राहत आहेत, मोटारींसाठीं मजल्यावर मजले चढवून वाहनतळ बांधले जात आहेत, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीसाठींहि सरकारनें आपली थैली सैल केली. इतका पैसा व इतकी उमेद शहराच्या गाभ्याकडे वळल्याचे प्रसंग विरळा. तेव्हां हा पैसा कोणत्या क्रमानें व कोणाच्या कल्याणासाठीं खर्च व्हावा, हें आधींच विचारून ठेवणें शहाणपणाचें आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करितों. जुनें तेवढें सोनें असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. शहराच्या मध्यभागाची आजची स्थिति समर्थनीय आहे असें कोणताहि विचारी मनुष्य म्हणणार नाहीं. १९०१ च्या खानेसुमारींत कोल्हापूर शहराची वस्ती सुमारें ५४ हजार होती. २०११ सालीं ती ५ लाख ४९ हजारांवर गेली. माणसें दसपट झालीं, पण देवळाभोंवतालच्या गल्ल्या व तिकट्या होत्या तेवढ्याच रुंदीच्या राहिल्या. १९७२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. हद्द मात्र पुढें कित्येक दशकें जुनीच राहिली. त्यामुळें वाढीचा बराचसा भार आंतल्या बाजूसच पडला. नवरात्रांत यात्रेकरूंच्या रांगा लागतात, बायाबापड्यांस तासचे तास ताटकळावें लागतें, आणि स्त्रियांच्या सोयीसाठीं स्वच्छ जागा शोधावी तर ती सांपडत नाहीं. जुन्या वाड्यांच्या भिंती पावसाच्या पाण्यानें फुगतात, व महानगरपालिका पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींना नोटिसा लावून मोकळी होते. अरुंद बोळांत आग लागली तर बंब आंत न्यावा कसा, हा विचार मनांत आला म्हणजे अंगावर कांटा उभा राहतो.

ह्या अव्यवस्थेविषयीं प्रत्यक्ष सूर्यनारायणाचीच साक्ष आहे. जानेवारीच्या अखेरीस व नोव्हेंबरांत असा वर्षांतून दोनदां देवालयांत किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून आंत येऊन पहिल्या दिवशीं देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशीं त्याहून वर व तिसऱ्या दिवशीं मुखावर पडावेत, अशी त्या प्राचीन शिल्पकारांनीं योजना करून ठेविली आहे. परंतु पश्चिमेच्या बाजूस वाढलेल्या इमारतींचे भाग किरणांच्या वाटेंत आल्यामुळें त्यांस अडथळा होतो, अशी तक्रार अनेक वर्षें ऐकूं येत आहे. शेंकडों वर्षांपूर्वीं पाथरवटांनीं हातांतील दोरीनें जी रेषा बिनचूक आंखली, ती आमच्या काळांतील बांधकामाचे परवाने देणाऱ्यांना राखतां येऊं नये ना ! देवीच्या दर्शनास येणाऱ्या सूर्यकिरणासहि ज्या शहरांत वाट मिळत नाहीं, तेथें माणसाच्या वाटेची काय कथा ?

तेव्हां सुधारणा हवी, आणि ती लवकर हवी, ह्याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो सुधारणेच्या पहिल्या पावलाचा. आपल्याकडे असे आराखडे करितांना प्रथम नकाशा काढतात, मग त्यावर रंग भरतात, मग खर्चाचा अंदाज करितात, आणि सर्वांत शेवटीं त्या रंगाखालीं कोण राहत होतें ह्याची चौकशी सुरू होते. हा क्रमच आमच्या मतें उलटा आहे. नकाशावर इमारत दिसते, गल्ली दिसते, मोकळी जागा दिसते. परंतु मनुष्य दिसत नाहीं.

देवळाभोंवतालच्या ह्या वस्तींत मनुष्य कसा राहतो तें पाहा. एका वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर नांव असतें एका मालकाचें. तो बहुधा वाड्यांत राहतहि नसतो, किंवा त्याचे दहा-बारा वारस निरनिराळ्या गांवीं पांगलेले असतात. त्याच्या खालीं दोन-तीन पिढ्या भाडें भरणारा भाडेकरू. त्याच्याजवळ पावत्यांचें जुनें पुडकें एवढाच पुरावा. त्याच्याहि खालीं पोटभाडेकरू. त्याच्याजवळ तेवढेंहि नाहीं. गुजरीकडील माड्यांवर फुंकणी व चिमटा घेऊन दिवसभर मान मोडून काम करणारा सोनारकामाचा कारागीर. त्याचें नांव कोणत्याच कागदावर नसावयाचें. आणि सर्वांच्या शेवटीं पायरीशीं बसून ओटीचें सामान, फुलें, हळदकुंकू विकणारी बाई. तिची जागा म्हणजे तिनें अंथरलेलें पोतें. एका वाड्यावर अशीं पांच थरांचीं माणसें जगतात. भरपाई मात्र कागदाच्या मागोमाग चालते. ज्याचा कागद मोठा त्यास मोठी रक्कम, ज्याचा लहान त्यास लहान, आणि ज्याचा कागदच नाहीं त्यास जागा खाली करण्याचा हुकूम ! असा व्यवहार कायद्याच्या पुस्तकांत कितीहि नीटनेटका दिसो, त्यास सुधारणा हें नांव देण्यास आमची लेखणी धजत नाहीं.

कोणी म्हणेल, ह्या लोकांस शहराबाहेर मोठीं व हवेशीर घरें बांधून दिलीं म्हणजे झालें. परंतु जागेचें मोल केवळ चौरस फुटांनीं होत नाहीं. कोल्हापुरी चपलेचें उदाहरण घ्या. २०१९ सालीं ह्या चपलेस भौगोलिक उपदर्शनाचें संरक्षण मिळालें. म्हणजे तिच्या नांवाची चोरी होऊं नये अशी कायद्यानें तजवीज केली. पण चप्पल खपते कोठें ? देवदर्शन करून बाहेर पडलेला परगांवचा मनुष्य चप्पल लाइनींतून चालतां चालतां एक जोड पायांत घालून पाहतो, घासाघीस करितो, आणि घेतो. तेथें ती खपते. तोच दुकानदार पांच मैलांवर नेऊन बसविला तर त्याच्या दुकानाची लांबीरुंदी दुप्पट होईल, पण गिऱ्हाईक त्याच्याकडे फिरकणार नाहीं. त्याच्यामागें गांवोगांव कातडें कमावणारीं, तळ शिवणारीं, वेणी घालणारीं कुटुंबें आहेत, त्यांचीहि चूल त्याबरोबर थंडावेल. नांव राखलें आणि ठिकाण घालविलें, तर तें राखणें कागदावरचेंच ठरेल.

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास कोल्हापुरास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. राजर्षि शाहू छत्रपतींनीं राज्यसूत्रें हातीं घेतल्यावर १८९५ सालीं शाहूपुरी ही नवी व्यापारपेठ वसविली. शहराची वाढ व्हावयाची तर वस्ती उखडून न काढतां बाजूस नवी पेठ उभारावी, तेथें व्यापाऱ्यांस बोलवावें, व जुन्या पेठेवरील भार हलका करावा, असें हें धोरण होतें. उलट जें सर्वसामान्यांच्या आनंदाचें व अभिमानाचें, तें मात्र त्यांनीं शहराच्या ऐन मध्यभागीं आणून ठेविलें. १९१२ सालचें खासबाग कुस्त्यांचें मैदान व त्याला लागूनच १९१५ सालीं पुरें झालेलें पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचें केशवराव भोसले नाट्यगृह, हीं त्याचीं साक्ष देतात. एका बाजूस तांबडी माती, दुसऱ्या बाजूस रंगभूमि. खेड्यांतून आलेला पैलवान आणि शहरांतला नाटकाचा शौकीन एकाच रस्त्यानें यावेत जावेत, अशी ती रचना आहे.

ह्याहूनहि मोठी गोष्ट गंगाराम कांबळे ह्यांच्या चहाच्या दुकानाची. अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मलेल्या ह्या गृहस्थांनीं महाराजांच्या आश्रयानें कोल्हापुरांत 'सत्यसुधारक' नांवाचें हॉटेल काढलें. त्यांच्या हातचा चहा कोण पिणार ? तेव्हां महाराज आपली गाडी भर रस्त्यांत त्या दुकानापुढें उभी करीत, चहा मागवून घेत, आणि बरोबरच्या मंडळींसहि पाजीत. १९१९ सालीं सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, शाळा येथें अस्पृश्यता पाळूं नये असे हुकूम त्यांनीं काढले. पण त्या हुकुमांतील तत्त्व लोकांच्या डोळ्यांस दिसलें तें ह्या लहानशा दुकानापाशीं. हेंच दुकान कोठें दूर गांवकुसाबाहेर असतें, तर त्याचा एवढा परिणाम झाला असता काय ? पुढें १९५० सालीं ह्याच शहरानें बिंदु चौकांत महात्मा फुले व डॉ. आंबेडकर ह्यांचे पुतळे उभारले, तेहि कडेला नव्हे. मध्यभागीं जागा देणें म्हणजे मान देणें, हा अर्थ ह्या शहरास पुरता ठाऊक आहे.

"पुष्कळांच्या सोयीसाठीं थोड्यांनीं थोडें सोसावें," असा एक युक्तिवाद ह्यावर नेहमीं पुढें येतो. तत्त्व म्हणून तें आम्हांस मान्य आहे. परंतु सोसणारे थोडे ते नेहमीं तेच कां असावेत ? दहा लोकांच्या सोयीसाठीं एकाचें नुकसान होत असेल, तर त्या दहांनीं त्या एकाचें नुकसान भरून द्यावें, हा साधा हिशेब आहे. सोयीचा वांटा सर्वांनीं घ्यावयाचा व तोट्याचा वांटा पायरीवरच्या बाईनें उचलावयाचा, ह्यास लोकहित म्हणतां येणार नाहीं. नाट्यगृह जळालें तेव्हां सारें शहर हळहळलें, आणि तें योग्यच झालें. त्या इमारतीस नांव होतें, इतिहास होता. एखाद्या कारागिराचा कारखाना उठतो तेव्हां मात्र कोणीहि हळहळत नाहीं, कारण त्याच्या जागेवर कधीं पाटीच लागलेली नसते.

न विचारतां केलेल्या कामाचा अनुभव कोल्हापुरानें पूर्वींहि घेतलेला आहे. शहरांतील सुमारें ५० किलोमीटर रस्ते खाजगी भांडवलानें बांधून घेऊन त्यांचा खर्च टोलरूपानें वसूल करावा, अशी योजना झाली. रस्ते झाले, नाके उभे राहिले, आणि मग लोकांस समजलें कीं, आपल्याच घरून आपल्याच बाजारांत जावयास पैसे मोजावे लागणार. त्यावर जें आंदोलन उसळलें तें सर्वांच्या स्मरणांत आहे. अखेर २०१५ च्या डिसेंबरांत टोल रद्द झाल्याची घोषणा सरकारास करावी लागली. आधीं विचारलें असतें तर हा कलह बराचसा टळला असता.

दुसरा धडा पाण्याचा. एके काळीं हें तळ्यांचें शहर होतें. कपिलतीर्थ बुजून तेथें मंडई झाली, वरुणतीर्थ बुजून मैदान झालें. देवालयाच्या आवारांतील मणिकर्णिका कुंडहि सोयीच्या नांवाखालीं बुजविलें होतें. तें अलीकडे पुन्हां खणून मोकळें करावें लागलें. एका पिढीनें सुधारणा म्हणून जें मातीखालीं लोटलें, तेंच दुसऱ्या पिढीनें सुधारणा म्हणून वर काढलें, आणि दोन्ही वेळचा खर्च लोकांच्याच माथीं बसला. पंचगंगेचे २००५, २०१९ व २०२१ चे महापूर विसरण्याजोगे नाहींत. राजाराम बंधाऱ्यापाशीं धोक्याची पातळी ४३ फूट. पण २०१९ व २०२१ सालीं पाणी ५५ फुटांच्या वर चढलें. अशा शहरांत नव्या इमारतीचा पाया खणतांना पावसाचें पाणी पूर्वीं कोठून कोठें जात होतें, हें त्या गल्लींतील म्हाताऱ्यास विचारणें हा अडाणीपणा नव्हे.

कायदाहि ह्या बाबतींत सर्वस्वीं मुका नाहीं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानें 'बाधित कुटुंब' म्हणजे केवळ मालकाचें कुटुंब असा अर्थ केलेला नाहीं. शहरांत संपादनापूर्वीं तीन वर्षें जें कुटुंब त्या जागेवर राहत आलें, किंवा ज्याच्या उपजीविकेच्या मुख्य साधनास संपादनामुळें धक्का लागतो, तेंहि त्यांत येतें. विधवा, घटस्फोटिता व टाकलेल्या स्त्रिया ह्यांस स्वतंत्र कुटुंब समजावें, असें तो कायदा स्पष्ट सांगतो. संपादनापूर्वीं सामाजिक परिणामांची पाहणी व जाहीर सुनावणी हेंहि त्यांत आहे. २०१४ च्या पथविक्रेत्यांच्या कायद्याप्रमाणें नगर पथविक्रेता समितींत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनींच निवडून दिलेले असावयास पाहिजेत, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया पाहिजेत, आणि पाहणी पुरी होऊन दाखले दिले जाईपर्यंत कोणासहि उठवितां येत नाहीं. परंतु वाटाघाटींनीं जागा थेट खरेदी करण्याची दुसरी वाटहि सरकारास मोकळी आहे. ती लवकर उरकते म्हणून अधिकाऱ्यांस प्रिय, व रोख रक्कम हातीं येते म्हणून मालकास प्रिय. ह्या दोघांचें जुळलें म्हणजे तिसऱ्याचें, म्हणजे भाडेकऱ्याचें व कारागिराचें, काय होणार हें विचारणारा कोणी उरत नाहीं. आमची सर्वांत मोठी धास्ती हीच आहे.

म्हणून आम्ही पुढील मागण्या करितों. पहिली, कोणतीहि भिंत पाडण्यापूर्वीं त्या परिसरांतील घर न् घर, माडी न् माडी, पायरी न् पायरी मोजावी, आणि कोण राहतो, कोण कमावतो, किती वर्षें, ह्याची यादी भवानी मंडपासारख्या ठिकाणीं मराठींत लावून तीवर हरकती घ्याव्यात. खरेदी कोणत्याहि रीतीनें होवो, ही यादी दोन्ही रीतींस बंधनकारक असावी. दुसरी, सुनावणी सायंकाळीं ठेवावी. दुपारीं दुकान टाकून येणें लहान दुकानदारास परवडत नाहीं, आणि सकाळीं बायकांस येतां येत नाहीं. तिसरी, पर्यायी जागा आधीं तयार व्हावी व जुनी मागाहून घ्यावी. ती जागा पायीं जाण्याच्या अंतरावर असावी, आणि नव्या संकुलांतील तळमजल्याचे गाळे प्रथम उठविलेल्यांस त्यांच्या कुवतीच्या भाड्यानें द्यावेत. चौथी, किरणांची वाट व पाण्याची वाट ह्या दोन रेषा नकाशावर कायमच्या आंखून ठेवाव्यात, व त्यांवर कोणाचीहि शिफारस चालूं देऊं नये. पांचवी, ज्या कामांस कोणाचें घर पाडावें लागत नाहीं, म्हणजे गटारें, शौचकूप, पिण्याचें पाणी, शहराच्या कडेस वाहनतळ व तेथून आंत येण्यास बसगाड्या, तीं कामें सर्वांआधीं करावीं. तीं झाल्यावर किती पाडावें लागेल तो आंकडा कदाचित् बराच खालीं येईल.

सरकारास सांगितलें तसें नागरिकांसहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. वाडा मुद्दाम मोडकळीस येऊं द्यावयाचा, म्हणजे भाडेकरू आपोआप निघून जाईल, असा बेत करणारे मालक ह्या शहरांत नाहींत काय ? दुकानाची फळी दरसाल वीतभर पुढें सरकवून पादचाऱ्यास रस्त्यावर ढकलणारे व्यापारी नाहींत काय ? आणि नव्या आराखड्यास तत्त्वाच्या नांवानें विरोध करावयाचा व भाव चढला म्हणजे तें तत्त्व गुंडाळून ठेवावयाचें, अशी वृत्ति कोठेंच नाहीं काय ? ज्यास न्याय हवा त्यानें आपल्या दाराशीं असलेला अन्याय प्रथम झाडून काढला पाहिजे. २०२० च्या नोव्हेंबरांत सभासदांची मुदत संपल्यावर पांच वर्षांहून अधिक काळ महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाच्या एकट्याच्या सहीनें चालला. २०२६ च्या जानेवारींत निवडणूक होऊन लोकनियुक्त सभासद पुन्हां आले आहेत. आपल्या प्रभागांतील किती बिऱ्हाडें ह्या आराखड्यांत उठणार आहेत, हा एक प्रश्न प्रत्येक मतदारानें आपल्या सभासदास विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावें.

देवालयाभोंवतीं मोकळें आवार व्हावें, यात्रेकरूंस सावली मिळावी, नाट्यगृहांत पुन्हां घंटा वाजावी, हें सर्व आम्हांसहि हवें आहे. परंतु ज्या हातांनीं हें शहर दागिन्यांनीं सजविलें, ज्यांनीं त्याच्या पायांत चप्पल घातली, ज्यांनीं देवीपुढें ठेवावयाची ओटी विकली, ते हात त्या आवारांतून नाहींसे झाले, तर उरेल तें केवळ दगडी फरसबंदीचें मैदान. त्यास करवीर म्हणतां येणार नाहीं. रुंद रस्ता पैशानें होतो. रुंद मन पैशानें होत नाहीं. आणि तें नसेल तर १,४४५ कोटि रुपयेहि ह्या शहरास मोठें करूं शकणार नाहींत.